अँटिगनी बंडखोर की कर्मठ? (आणि मध्येच आपली सिंधू)

दांडियाबाजार:

आमच्या नाट्यवाचनाच्या मंडळींनी या खेपेला प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ‘अँटिगनी’ घेतलं. रविवारी कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमायचं, चहा आणि लीलो चेवडो मध्ये ठेवायचा आणि वाचायचं, इतका साधा मामला. मराठी संहिता आम्हीच इंग्रजीवरून जुळवलेली आहे, तेव्हा तिच्या दर्जावर कोणी घसरू नये ही विनंती. वाचन दीड तासात आटोपलं, वाद रात्रीपर्यंत चालला आणि तरी मिटला नाही, म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: थीब्ज या ग्रीक नगराचा राजा इडिपस, त्याच्या दोन मुलांनी गादीपायी एकमेकांचा जीव घेतला. गादीवर आला त्यांचा मामा क्रेऑन. त्याने हुकूम काढला की गावासाठी लढलेल्या इटिओक्लीसला इतमामाने पुरा, गावावर फौज घेऊन आलेल्या पॉलिनायकीसचं प्रेत मात्र उघड्यावर पडू दे, कुत्री-गिधाडं काय ते बघतील. हात लावील त्याला दगडांनी ठेचून मारणार. बहीण अँटिगनी जाते, भावाच्या अंगावर माती घालते, पकडली जाते आणि केल्याचं कबूल करते. क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत चिणतो. तिथे ती गळफास घेते. तिचा नियोजित वर हीमॉन, म्हणजे क्रेऑनचाच मुलगा, स्वतःला भोसकून घेतो, आणि ते कळल्यावर त्याची आई युरिडिसीही जीव देते. मागे उरतो क्रेऑन.

आता मुद्दा. अँटिगनी म्हणजे पुरुषी सत्तेला बाईने दिलेला ठणठणीत नकार, असं आपण कॉलेजपासून ऐकतो. पण ती मागते काय हो? भावाचं मर्तिक! सोफोक्लीसच्या अथेन्समध्ये प्रेताला आंघोळ घालणं, तेल लावणं, उशाशी उभं राहून आक्रोश करणं ही बायकांचीच कामं होती. त्या आक्रोशाचा इतका बोलबाला होता की जुना कायदेकर्ता सोलोन याने कायदा करून बायकांच्या गाल ओरबाडण्याला आळा घातला होता. म्हणजे ही मुलगी चारचौघींनी जे करायचं तेच करायला निघालीय. राज्य मागत नाही, वारसा मागत नाही, लग्न मोडत नाही. मग तिला बंडखोर म्हणायचं की घरातली सर्वांत कर्मठ मुलगी?

माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. तिचं बंड क्रेऑनने घडवलं, असं मला वाटतं. लोकांनी आपापलं लिहावं.

---

तिरकस:

वा! म्हणजे मुलगी श्राद्धपक्ष नीट करणारी, म्हणून फासावर. पटलं नाही.

ताई, तुम्ही ती काय करते ते पाहताय, कसं करते ते सोडून देताय. पहिल्याच प्रवेशात तिची बहीण इस्मेनी म्हणते, बरं बाई, करच तू, पण गुपचूप कर, मीही कोणाला सांगणार नाही. यावर अँटिगनी उसळते: गप्प राहिलीस तर जास्त राग येईल मला, जा आणि गावभर सांग! घरातलं बायकी काम करणारी बाई असं बोलत नाही. तिला ते चव्हाट्यावर करायचंय.

हे नाटक साधारण इ. स. पू. ४४१चं. त्यानंतर दहाएक वर्षांनी त्याच अथेन्समध्ये युद्धात पडलेल्यांच्या अंत्यविधीला तिथला पुढारी पेरिक्लीस याचं भाषण झालं. विधवांना त्याचा उपदेश काय, तर चांगलं म्हणून किंवा वाईट म्हणून, जिचं नाव पुरुषांच्या तोंडी कमीत कमी येतं तीच थोर. त्या गावात एक पोर भर सभेत राजाला सांगतेय की तुझा हुकूम म्हणजे काही देवांचा अलिखित कायदा नव्हे, तू मर्त्य माणूस आहेस. आणि तुम्हाला प्रश्न पडलाय बंड कुठाय!

---

रावपुऱ्याचे आजोबा:

दोन्ही मते वाचली. माझे थोडे निराळे आहे. वय झाले आहे, तेव्हा सविस्तर लिहिण्याची परवानगी गृहीत धरतो.

क्रेऑन अगदीच खलनायक नाही. गावात नुकतेच यादवी युद्ध झाले आहे. वेशीबाहेर परक्या फौजेची प्रेते पडली आहेत. फितुराला सन्मान दिला तर उद्या कोण कोणासाठी लढेल? अथेन्समध्येही देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या म्हणजे आपल्या मुलखाच्या भूमीत पुरू देत नसत. (परंतु सीमेबाहेर नेऊन पुरण्यास आडकाठी नसे, हेही खरे. क्रेऑनने तेवढीही वाट ठेवली नाही, तिथे तो चुकला.)

आता मूळ विषय. ग्रीकांकडे कशाला जाता? आपल्या बडोद्यातच २० फेब्रुवारी १९१९ रोजी ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी, बालगंधर्वांची सिंधू, गणपतराव बोडसांचा सुधाकर. गडकरी तो पाहायला नव्हते, आधीच्याच महिन्यात २३ जानेवारीला सावनेरला गेले. माझ्या वडिलांनी बालगंधर्वांची सिंधू पाहिली होती, पुढे कधीतरी, उतारवयातली. ‘कशि या त्यजू पदाला’ म्हणताना घरात कोणी बोललेले त्यांना खपत नसे.

सिंधूने राजाविरुद्ध भाषण केले नाही. दळणे दळून दारुड्या नवऱ्याचा संसार ओढला. सोसणारी बाई शोकांतिकेत मोठी की बोलणारी, याचाही विचार व्हावा.

---

फतेगंजची:

आजोबा, आदर आहेच, पण सिंधूवरून माझं डोकं फिरतं. आम्हाला परफॉर्मिंग आर्ट्सला तिचा प्रवेश करायला दिला होता. काठीचा घाव बसलाय, बाळ गेलंय, आणि बाई मरता मरता फौजदाराला सांगते की यांचा काही दोष नाही. तालमीत तो भाग आला की माझा घसा कोरडा पडायचा, आणि ते अभिनयाने नव्हे, रागाने.

आणि त्याच नाटकात गीता आहे की! तळीरामाची बायको. फटकळ, तोंडाळ, नवऱ्याला जे म्हणायचं ते म्हणून मोकळी होणारी. गडकऱ्यांनी तिला हशा मिळवायला ठेवलीय असं सगळे धरून चालतात. मला वाटतं नाटकातलं सर्वांत शहाणं माणूस तीच. पण अश्रू सिंधूच्या वाट्याला आणि टाळ्याही सिंधूच्याच वाट्याला.

परत अँटिगनीवर येते. वाचनात मी इस्मेनी होते. (दांडियाबाजार ताईंनी सगळ्यांना विचारलं होतं कोणाला काय वाचायचंय, इस्मेनीसाठी एकही हात वर झाला नाही.) इस्मेनी म्हटलं की ‘आपण बायका, पुरुषांशी लढायला जन्मलो नाही’ हे वाक्य सगळ्यांना आठवतं आणि तिथेच तिला भित्री ठरवून मोकळे होतात. पुढे काय होतं बघा. अँटिगनी पकडली गेल्यावर हीच भित्री येऊन क्रेऑनसमोर उभी राहते: मीपण केलंय, मलाही मारा. अँटिगनी तिला झिडकारते. तू जगणं निवडलंस, मी मरण, वाटा मागू नकोस. तरी इस्मेनी हटत नाही. क्रेऑनला विचारते, स्वतःच्या मुलाची होणारी बायको मारणार तुम्ही? यावर तो काय म्हणतो माहितेय? नांगरायला दुसरी शेतं आहेत. हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर काढलं कोणी? इस्मेनीने. अँटिगनीने अख्ख्या नाटकात हीमॉनबद्दल निर्विवादपणे तिचाच म्हणता येईल असा शब्द काढलेला नाही.

आणि सर्वांत वाईट जागा. गुहेकडे नेताना अँटिगनी म्हणते, बघा, राजघराण्यातली शेवटची उरलेली मी. शेवटची?? बहीण जिवंत आहे ना मागे! इस्मेनीला तिने जिवंतपणीच यादीतून काढलं. हे मोठ्याने वाचलं तेव्हा मी समोर बसले होते आणि मला खरोखर लागलं.

एका स्पर्धेसाठी आमच्या दिग्दर्शकाने इस्मेनीचा दुसरा प्रवेश पूर्ण कापला होता, “त्याने लय जाते” म्हणून. लय!

---

वाटाण्याच्या अक्षता:

मला तर पहारेकरी आवडला. राजाला वाईट बातमी सांगायला येताना वाटेत दहादा थांबलेला, आमच्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नशीब फुटलं म्हणणारा. शोकांतिकेत एकच माणूस नॉर्मल.

बाकी चालू द्या. शेवउसळ घेऊन बसलोय.

---

दांडियाबाजार:

फतेगंजची, ‘शेवटची मी’ ही जागा माझ्या नजरेतून निसटली होती. जबरदस्त.

आजोबांच्या प्रतिसादावरून एक गोष्ट डोक्यात आली आणि आता ती जात नाहीये. सिंधू आणि अँटिगनी समोरासमोर ठेवून बघा. सिंधूचा भाऊ पद्माकर तिला माहेरी न्यायला येतो. ती जात नाही. भावाची मदत घेणार नाही अशी नवऱ्यासमोर शपथ घेते आणि जातं ओढते. नवऱ्यासाठी भाऊ सोडला. अँटिगनीचं उलट: होणारा नवरा राजपुत्र, मनापासून जीव लावणारा, आणि तिने भावासाठी, तोही मेलेल्या भावासाठी, त्याच्यावर पाणी सोडलं.

दोघीही हट्टी. दोघीही कोणाचं ऐकत नाहीत. दोघींचा हट्ट नात्यासाठीच आहे, स्वतःसाठी काही मागणं नाही. मग एकीला आपण पतिव्रता म्हणतो आणि दुसरीला बंडखोर, ते कशामुळे? सिंधूचा हट्ट घरातल्या पुरुषाच्या सोयीचा होता, अँटिगनीचा सिंहासनावरच्या पुरुषाच्या गैरसोयीचा. मला तरी एवढाच फरक दिसतो. सिंधू भावासोबत निघून गेली असती तर बडोद्याच्या त्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी तिला काय म्हटलं असतं, याचा विचार करून बघा.

---

जुनी वही:

मी एरवी फक्त वाचतो, पण भावाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

गुहेत जाण्याआधी अँटिगनीचं एक भाषण आहे, ज्यावरून दोनशे वर्षं पंडितांची जुंपलेली आहे. ती म्हणते: नवरा मेला असता किंवा मूल मेलं असतं तर मी राजाज्ञा मोडली नसती. नवरा गेला तर दुसरा करता येतो, मूल गेलं तर दुसरं होतं. पण आई-बाप दोघेही पाताळात गेलेले असताना भाऊ पुन्हा कुठून आणू? जर्मन कवी गटेला हे इतकं खुपलं की १८२७ साली त्याने आपला सहायक एकरमान याच्यापाशी इच्छा बोलून दाखवली, कोणा विद्वानाने हा उतारा नंतर घुसडलेला आहे असं सिद्ध करावं. अलिखित दैवी कायद्याच्या गोष्टी करणारी मुलगी असा वाण्याचा हिशेब कसा मांडेल, ही त्याची अडचण. पण अ‍ॅरिस्टॉटलने हा उतारा सोफोक्लीसचा म्हणूनच उद्धृत केलेला आहे, त्यामुळे तो घुसडलेला असलाच तर फार लवकर घुसडला असणार.

हा हिशेब एकट्या अँटिगनीचा नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इराणी दरबारातली गोष्ट सांगितली आहे. राजा डरायसने इंटाफर्नीस या सरदाराच्या घरातल्या सगळ्या पुरुषांना पकडलं, त्याची बायको रोज दारात येऊन रडू लागली, तेव्हा राजा म्हणाला एकाला सोडतो, कोण पाहिजे सांग. तिने भाऊ मागितला. कारण तेच. राजा खूश होऊन तिला भावासोबत थोरला मुलगाही देतो.

आणि आता आपल्या जवळचं. पाली जातककथांमध्ये ६७वं, उच्छंग जातक. कोसलच्या राजाने तीन माणसं चोर समजून धरली, एका बाईचा नवरा, मुलगा आणि भाऊ. राजा म्हणतो एक घे. ती भाऊ घेते. मुलगा माझ्या ओटीत आहे, नवरा रस्त्यावर मिळेल, पण भाऊ आणता येईल असा देश मला दिसत नाही. इथे राजा तिघांनाही सोडतो.

तिन्ही गोष्टींत बाई एकच उत्तर देते, फक्त अँटिगनीला तो प्रश्न राजाने विचारलेला नाही. तिने तो स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तर देऊन टाकलं. त्यामुळे मी तिरकस यांच्या बाजूचा. इराणातली आणि कोसलातली बाई राजाच्या दयेत निवड करते. ही दयेची वाट बघत नाही.

अवांतर: ओव्यांमध्ये भाऊ-बहिणीची जेवढी माया आहे तेवढी नवरा-बायकोची क्वचित. जात्यावर बसलेल्या बाईला उच्छंग जातक समजावून सांगावं लागणार नाही. सिंधू जात्यावर बसते आणि भावाला नाकारते, हे गडकऱ्यांनी जाणून केलं की आपोआप झालं, कोण जाणे.

---

कमाटीबाग:

जुनी वही, दंडवत.

मूळ धाग्यातल्या ‘बायकांचंच काम’ या मुद्द्यावर लिहिते. ग्रीकांकडे मर्तिकात बाई पुढे असे, हे मला इथेच कळलं. आपल्याकडे बाईने उंबऱ्यापर्यंत रडायचं आणि तिथून पुढे पुरुष. म्हणून आपण हे नाटक वाचतो तेव्हा ती प्रेताकडे चालत जाते हेच आपल्याला बंड वाटतं. अथेन्सच्या प्रेक्षकाला तेवढ्याने काही वाटलं नसावं, त्याला दचकवलं असेल ते तिच्या उत्तरांनी.

बाबा गेले तेव्हा अग्नी मी दिला. खासवाडीच्या स्मशानात. आम्ही दोघी बहिणी, चुलतभाऊ बंगळूरला, विमान मिळेना. गुरुजींनी आधी विचारलं, “घरात पुरुष माणूस कोणीच नाही?” मी नाही म्हटल्यावर त्यांनी फार ताणलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग खांद्यावर मडकं. एक फेरी, दगडाने भोक. दुसरी फेरी, दुसरं भोक. पाणी पाठीवरून पायापर्यंत येतं आणि ते इतकं गार असतं हे कोणी आधी सांगत नाही. तिसऱ्या फेरीनंतर मडकं मागे टाकायचं, वळून बघायचं नाही. कोपऱ्यात उभा असलेला एक लांबचा काका नंतर आईला म्हणाला, “पोरीने मुलाचं काम केलं.” तो कौतुक म्हणूनच म्हणाला.

वाचताना दोन ठिकाणी मी थांबले. पहारेकरी सांगतो ते: प्रेतावरची माती आम्ही झाडून काढली, वास येऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा बघून टेकडीवर बसलो, भर दुपारी धुळीचं वादळ आलं, डोळे मिटले, उघडून बघतो तर ही मुलगी. पिल्लं नेलेलं घरटं बघून पाखरू ओरडतं तशी ओरडत होती. हातांनी माती आणली आणि काशाच्या झारीतून तीन वेळा धार धरली. दुसरं ठिकाण क्रेऑनचं वाक्य: हिला असंच सोडलं तर पुरुष मी नाही, पुरुष ही.

माझ्या काकाचं आणि क्रेऑनचं म्हणणं एकच आहे. एक खूश होऊन म्हणतो, एक चिडून. बापाला मुलीने पोचवलं तर ते मुलीचं काम का नाही? अँटिगनी एकदाही म्हणत नाही की मी पुरुषासारखी वागले. तो शब्द क्रेऑनचा. म्हणून मी दांडियाबाजारशी सहमत.

---

तिरकस:

कमाटीबाग, वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ. लिहिलंत हे बरं केलंत.

तरी माझा हेका सोडत नाही. ‘क्रेऑनने तिचं बंड घडवलं’ असं म्हटलं की श्रेय परत पुरुषालाच जातं! ती हुकूम ऐकण्याच्या आधीपासून तशीच आहे. नाटकाचा पडदा उघडतो (पडदा नव्हता, असो) तेव्हा तिचं ठरलेलं आहे. ती इस्मेनीला सल्ला विचारायला आलेली नाही, येतेस का एवढंच विचारायला आलीय.

आणखी एक. अथेन्समध्ये ही भूमिका पुरुषच करत, मुखवटा लावून. मोजून तीन नट आणि सगळी पात्रं त्यांच्यातच वाटलेली. आपल्याकडे सिंधू बालगंधर्वांची. म्हणजे ‘मी मरेन पण भावाला पुरेन’ आणि ‘मी मरेन पण नवऱ्याला सोडणार नाही’ ही दोन्ही वाक्यं पुरुषांनी लिहिली, पुरुषांनी म्हटली. प्रेक्षकांत बडोद्याला निदान बायका तरी असत. अथेन्सला त्या नाट्यगृहात होत्या की नाही यावर अजून मारामारी आहे. बाईने काय करावं याची ही मर्दानी चर्चा आहे, आपण त्यात उशिरा पोचलोय.

दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केलं होतं, त्यात मंडेला क्रेऑन झाले होते. जन्मठेप भोगणारा माणूस राजा! आमच्या मंडळात तर क्रेऑनसाठीच रांग लागली असती.

---

रावपुऱ्याचे आजोबा:

कमाटीबाग यांचा प्रतिसाद सौ.ने मला मोठ्याने वाचून दाखवायला लावला. नंतर म्हणाली, “आपल्याकडेही दोन मुलीच आहेत.” यावर मी काही उत्तर दिले नाही, कारण उत्तर तिचे ठरलेले आहे.

सिंधूविषयी फतेगंजची यांनी रागाने लिहिले, ते समजू शकतो. पण तिला १९१९ मध्ये दार कोणते उघडे होते, तेही पाहावे. हिंदू बाईला कायद्याने नवरा सोडता येत नव्हता. आपल्या बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली केला. देशभरासाठी तो १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने आला. चिमणाबाई महाराणीसाहेबांनी हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीवर १९११ मध्ये इंग्रजीतून पुस्तक लिहिले आणि १९२७ साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. अशा संस्थानाच्या राजधानीत सिंधू प्रथम रंगभूमीवर आली. म्हणजे तिला पाहून रडणाऱ्यांत ‘ही जात का नाही’ असे मनात म्हणणारे कोणीच नसतील, असे मी मानीत नाही.

बाकी गीतेबद्दल बरोबर आहे. आम्ही तिला हसतच आलो.

---

फतेगंजची:

आजोबा, आजींना नमस्कार सांगा.

पण आता खरं सांगा, हीमॉनबद्दल कोणीच का बोलत नाही? बापाशी तो काय मस्त बोलतो! सुरुवातीला अगदी गोड, तुमचाच मुलगा मी, तुम्ही म्हणाल ते. मग हळूच: बाबा, तुमच्या तोंडावर कोणी बोलत नाही, पण अंधारात गाव या मुलीसाठी रडतंय. पुराच्या काठची झाडं वाकतात ती टिकतात, ताठ उभी राहतात ती मुळासकट जातात. शेवटी क्रेऑनकडे युक्तिवाद संपतो आणि शिवी उरते: बाईचा गुलाम. हा प्रवेश तर आजही कुठल्याही दिवाणखान्यात घडतो.

---

जुनी वही:

धागा थंड व्हायच्या आत एक जागा पुढे करतो. माझ्या मते नाटकाचा सगळा निकाल तिथे लागतो आणि वाचनात ती भुर्रकन निघून जाते.

आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस क्रेऑनला झाडून जातो. क्रेऑन हादरतो. गावचे वृद्ध, म्हणजे कोरस, त्याला स्वच्छ सांगतात: जा, आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेतासाठी कबर कर. क्रम त्यांनी दिलेला आहे. क्रेऑन निघतो आणि उलट्या क्रमाने करतो. आधी पॉलिनायकीसचं उरलंसुरलं गोळा करतो, धुतो, दहन करतो, मातीचा उंच ढिगारा रचतो. सगळं यथासांग. मग गुहेकडे जातो. तोवर तिने स्वतःच्याच वस्त्राचा फास केलेला असतो.

त्याने आधी गुहेचे दगड काढले असते तर तीन जीव वाचले असते. शहाणपण सुचल्यावरसुद्धा त्याच्या यादीत मेलेला पुतण्या वर आणि जिवंत मुलगी खाली.

(पुतण्या नव्हे, भाचा. मामाच ना तो. संपादनाची सोय बंद झालीय.)

---

तिरकस:

हे मात्र पटलं नाही, जुनी वही. टायरेसियसने धास्ती कशाची घातली? वेद्यांवर कुत्र्या-पक्ष्यांनी प्रेताचे तुकडे आणून टाकलेत, देव नैवेद्य घेईनात. गुहेतल्या मुलीचाही उल्लेख तो करतो, पण गावाला रोग लागलाय तो प्रेतामुळे. घाबरलेला राजा आधी रोगाच्या मुळाशी जाणार. शिवाय गुहेत तिला थोडं अन्न ठेवलं होतं, गावाला हत्येचं पाप नको म्हणून. तेव्हा तिच्याकडे वेळ आहे असं त्याला वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

---

कमाटीबाग:

अन्न ठेवलं होतं म्हणून वेळ आहे, हा हिशेब क्रेऑनचा झाला. तिने ते खाल्लं असतं असं वाटतं तुम्हाला?

आणि तिरकसभाऊ, ती वाट बघणाऱ्यांतली नाही हे वर तुम्हीच लिहिलंय.

---

दांडियाबाजार:

पुढच्या वाचनाला हेच नाटक पुन्हा घ्यायचं ठरलंय, भूमिका बदलून. इस्मेनीचा दुसरा प्रवेश पूर्ण राहील. फतेगंजची या खेपेला क्रेऑन वाचणार. तिरकस वडोदऱ्यात असतील तर त्यांच्यासाठी इस्मेनी राखून ठेवलीय, आणि आजोबा कोरसला होय म्हणालेत, आजी सोबत येणार असतील तर. पहारेकरी अजून रिकामा आहे. वाटाण्याच्या अक्षता, ऐकताय ना?

---

वाटाण्याच्या अक्षता:

चिठ्ठ्या टाकल्यात की थेट माझं नाव?